भिक्खूच्या चरित्रातून भाषेचं प्रकरण गाळावं का? सुदर्शन महास्थविरांच्या निमित्ताने

सप्रेम जयभीम, नमो बुद्धाय.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, तुमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन असतं. यंदा त्यासोबत शेजारच्या देशांतल्या भिक्खूंची छोटी चरित्रं वाचायचं ठरलं आणि नेपाळचे सुदर्शन महास्थविर तुमच्या वाट्याला आले. पुस्तिकेचा मसुदा तुम्ही विहारातल्या ज्येष्ठांना दाखवला. त्यांचं म्हणणं पडलं की भाषेच्या चळवळीचं आणि तुरुंगाचं प्रकरण काढून टाका, कारण चीवर घातलेल्या माणसाचं राजकारण मुलांपुढे नको. ध्यान, धम्मदेसना, विहारबांधणी एवढंच ठेवा. आता तुम्ही विचारताय की त्यांचं ऐकावं की नाही, आणि ऐकायचं नसेल तर त्यांना सांगायचं काय.

मी बरीच वर्षं पालि शिकवतो आणि भिक्खूंची चरित्रं मराठीत लिहितो, तपासून देतो. हा वाद माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत येत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्येष्ठांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही, त्याला आधार आहे आणि त्याबद्दल पुढे येतोच. पण त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. या माणसाचं धम्माचं काम एका बाजूला, भाषेचं काम दुसऱ्या बाजूला, आणि दुसरं सोललं तरी पहिलं शाबूत राहील, असं ते धरून चालले आहेत. भारतातल्या किंवा ब्रह्मदेशातल्या एखाद्या भिक्खूच्या बाबतीत ते कदाचित जमेल. काठमांडू खोऱ्यातल्या, विसाव्या शतकातल्या थेरवादी, म्हणजे पालि ग्रंथांची परंपरा मानणाऱ्या, भिक्खूच्या बाबतीत जमत नाही. तिथे राज्यकर्त्यांनीच या दोन गोष्टी एका आरोपपत्रात बांधल्या होत्या. ते प्रकरण गाळलंत तर त्या काळात तिथे भिक्खू होणं म्हणजे काय होतं, हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. काठमांडू, पाटण, भक्तपूर ही नेवार लोकांची शहरं. त्यांची भाषा नेपाल भाषा. बाहेरचे लोक तिला नेवारी म्हणतात, पण तिचे बोलणारे नेपाल भाषाच म्हणतात, तेव्हा तुम्हीही तेच नाव वापरा. ही भाषा तिबेटो-बर्मी कुळातली, म्हणजे नेपाळीची बोली वगैरे अजिबात नव्हे. जुन्या मल्ल राजांच्या दरबाराची ती भाषा होती. १८४६ ते १९५१ पर्यंत राणा घराण्याची सत्ता होती. त्यातल्या चंद्र शमशेरांच्या काळात, १९०५ साली, कोर्टकचेरी आणि सरकारी कागदपत्रांतून नेपाल भाषा काढली गेली. तिथून पुढे या भाषेत छापणं म्हणजे सरकारच्या डोळ्यांत येणं.

याच काळात बौद्ध पुनरुज्जीवन सुरू झालं. खोऱ्यात बौद्ध धर्म होताच, पण तो तांत्रिक विधींच्या वज्रयानी परंपरेचा होता. शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांतले पुरुष जन्माने संघाचे मानले जात. त्यांच्या मुलांचा लहानपणी एक संस्कार होतो, बरे छुयेगु. मुलाचं मुंडण होतं, त्याला चीवर दिलं जातं, भिक्षापात्र हाती देतात, आणि मोजक्या दिवसांत तो चीवर उतरवून घरी परत येतो. सुदर्शन महास्थविरांचं गृहस्थी नाव रुद्रराज शाक्य. म्हणजे ज्या समाजात चीवर चार दिवस घालून ठेवून द्यायची रीत होती, त्या समाजातला मुलगा ते कायमचं घेतो. ही गोष्ट पुस्तिकेत जरूर सांगा. आपल्याकडे श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंच्या) शिबिरात मुलं काही दिवस चीवर घेतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती लगेच समजेल.

आता सत्तेनं काय केलं ते पाहा. १९२६ साली चंद्र शमशेरांनी पाच भिक्खूंना देशाबाहेर काढलं. त्यातले महाप्रज्ञा जन्माने हिंदू होते, आणि हिंदूनं बौद्ध भिक्खू होणं हाच तिथे गुन्हा होता. त्यांतले काही जण पुढे कुशीनगरला ऊ चंद्रमणी महास्थविरांकडे आले. होय, तेच चंद्रमणी, ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली. नेपाळचं थेरवादी पुनरुज्जीवन आणि आपली दीक्षाभूमी यांना जोडणारा हा सरळ धागा आहे. आपल्या लोकांना तो फारसा माहीत नसतो. कुशीनगरच्या त्या वृद्ध गुरूंच्या हाताखाली नेपाळी तरुणांची एक पिढी तयार झाली.

त्यांतले एक धम्मालोक. काठमांडूच्या असन बाजारातले दासरत्न तुलाधर, ल्हासाशी व्यापार असलेल्या घराण्यातले. मोठे झाल्यावर त्यांनी गृहत्याग केला. त्यांचा मुलगाही भिक्खू झाला. ते अनिरुद्ध महास्थविर, पुढे नेपाळचे संघनायक. धम्मालोकांनी स्वयंभूच्या टेकडीजवळ आनंदकुटी विहार उभा केला. चीनच्या यात्रेचं वर्णन त्यांनी नेपाल भाषेत लिहिलं, ते १९५० साली छापलं गेलं.

जुलै १९४४ च्या अखेरीस तेव्हाचे राणा पंतप्रधान जुद्ध शमशेर यांनी आठ भिक्खूंना बोलावून घेतलं. धम्मालोक त्यांत होते, प्रज्ञानंद होते, कुमार काश्यप होते. आरोप काय, तर धर्माचा प्रचार करता, बायकांना घर सोडायला शिकवता, आणि नेपाल भाषेत लिहिता. हे सोडून देऊ असं लिहून द्या, असा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला. तीन दिवसांत देश सोडा, असं फर्मान निघालं.

आता तुम्ही स्वतः वर्षावासाचा कार्यक्रम करता, तेव्हा महिना बघा. आषाढी पौर्णिमा होऊन गेली होती. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, भिक्खूनं तीन महिने एका जागी राहायचं, ते दिवस होते. ऐन वर्षावासात, पावसाळ्यात, आठ भिक्खूंना डोंगर उतरून हिंदुस्थानात यावं लागलं. त्यांना बाहेर काढणाऱ्या आरोपांत मातृभाषेत लिहिणं हा एक आरोप होता. तुमच्या ज्येष्ठांपुढे हा एक प्रसंग वाचून दाखवा. धम्म आणि भाषा वेगळ्या करायचं म्हटलं, तर या आरोपांतला कुठला ठेवाल आणि कुठला खोडाल, एवढंच विचारा.

हे भिक्खू सारनाथला जमले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे धर्मोदय सभा स्थापन झाली. अध्यक्ष चंद्रमणी. १९४७ पासून 'धर्मोदय' हे नेपाल भाषेतलं मासिक निघू लागलं, तेही कालिम्पोंगहून, कारण काठमांडूत काढणं शक्यच नव्हतं. त्याही आधी, १९२५ साली, धर्मादित्य धर्माचार्यांनी कोलकात्याहून या भाषेतलं पहिलं नियतकालिक काढलं होतं. त्याचं नाव 'बुद्ध धर्म व नेपाल भाषा'. दोन्ही गोष्टी मुखपृष्ठावरच एकत्र छापलेल्या.

भिक्खूंनाच हा त्रास झाला असंही नाही. चित्तधर हृदय हे कवी, उपासक. १९४० साली बिहारमधल्या बेतियातून छापलेल्या एका कवितासंग्रहात त्यांची आईवरची कविता होती. ती मातृभाषेचा शोक करणारी आहे असं ठरवून त्यांना १९४१ साली तुरुंगात टाकलं. तुरुंगात त्यांनी चोरून, मिळेल त्या कागदाच्या तुकड्यांवर बुद्धचरित्रावरचं महाकाव्य लिहिलं, 'सुगत सौरभ'. नेपाल भाषेतलं सगळ्यांत मोठं मानलं जाणारं काव्य बुद्धाच्या चरित्रावर आहे, तुरुंगात लिहिलेलं आहे, आणि लिहिणाऱ्याचा गुन्हा भाषेचा होता. सुदर्शन ज्या साहित्याचे वारस झाले, ते असं जन्मलेलं आहे.

१९४६ साली श्रीलंकेहून नारद महाथेरांचं शिष्टमंडळ काठमांडूला गेलं आणि निर्वासित भिक्खूंना परत येता आलं. १९५१ ला राणाशाही गेली. रेडिओवर नेपाल भाषेतल्या बातम्या सुरू झाल्या. पण १९६० नंतर राजा महेंद्रांची पंचायत व्यवस्था आली, आणि एक राजा, एक वेश, एक भाषा, एक देश ही घोषणा आली. १९६५ साली रेडिओ नेपाळवरून नेपाल भाषेतल्या बातम्या बंद झाल्या. हिंदी बातम्याही गेल्या. त्याविरुद्ध जी चळवळ उठली तिला बाइस सालची चळवळ म्हणतात, कारण ते विक्रम संवत २०२२ होतं. लोकांनी वस्त्यावस्त्यांत साहित्यसभा भरवल्या. कविता वाचायच्या, भाषेबद्दल बोलायचं, एवढंच. आंदोलकांची धरपकड झाली आणि तुरुंगात गेलेल्यांत भिक्षू सुदर्शन होते.

हे सगळं ओळीनं मांडलं की १९६५ चा प्रसंग वेगळा दिसू लागतो. एखादा भिक्खू धम्म सोडून राजकारणात शिरला, असं तिथे घडलं नाही. गुरू ज्यासाठी हद्दपार झाले, तेच काम शिष्य पुढे करत होता.

आता ज्येष्ठांचा आक्षेप. त्यांच्या बाजूनं मी पालि ग्रंथातूनच बोलतो. भिक्खूंनी ज्या गप्पांपासून दूर राहावं अशी एक यादी सुत्तांत वारंवार येते, तिरच्छानकथा. त्यात पहिलीच राजकथा आहे. राजे, मंत्री, सैन्य, युद्ध यांच्या गप्पा भिक्खूनं मारू नयेत. तेव्हा चीवर आणि राजकारण यांचं अंतर राहावं, ही भावना धम्मातूनच आलेली आहे. तिला जुनाटपणा म्हणू नका.

लोक याला उत्तर म्हणून विनयपिटकातल्या चुल्लवग्गातली गोष्ट सांगतात. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बांधायची परवानगी मागितली. भगवंतांनी त्यांना फटकारलं आणि आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकायला सांगितलं. गोष्ट सुंदर आहे, पण सगळं वजन तिच्यावर टाकू नका. अट्ठकथेनं, म्हणजे जुन्या पालि टीकेनं, त्या वाक्याचा अर्थ वेगळा लावला आहे, बुद्धाची स्वतःची मागधी भाषा असा. एखादा जाणकार भंतेजी उठून तेवढंच म्हणाले, की तुमचा युक्तिवाद तिथेच अडेल.

मी अशा वेळी मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातल्या अरणविभंग सुत्ताकडे जातो. 'अरण' म्हणजे जिथे कलह नाही ते. भगवंत तिथे एका साध्या भांड्याचं उदाहरण देतात. एका जनपदात त्याला पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, कुठे सराव, कुठे पोण. एक माणूस आपल्या जनपदाच्या शब्दाला चिकटून बसतो आणि म्हणतो, हेच खरं, बाकी सगळं खोटं. त्यातून कलह होतो. दुसरा जिथे जाईल तिथले लोक जे म्हणतात ते म्हणतो, आग्रह धरत नाही. त्यातून शांती राहते.

पहिल्या वाचनात वाटेल की हे तर भाषेच्या चळवळीविरुद्धच आहे. जरा थांबून पाहा, आग्रह कोण धरतंय. काठमांडूच्या नेवारांनी कधी असं म्हटलं नव्हतं की सगळ्या नेपाळनं नेपाल भाषा बोलावी, तराईतल्या मैथिली माणसानं ती शिकावी. आमचं भांडं आम्हाला आमच्या शब्दानं मागू द्या, एवढंच ते म्हणत होते. 'हेच खरं, बाकी खोटं' असं म्हणणारी सत्ता होती. सुत्ताच्या मापानं मोजलं तर कलहाचं मूळ १९०५ च्या आणि १९६५ च्या हुकमात आहे, साहित्यसभेत कविता वाचणाऱ्या तरुण भिक्खूत नाही.

हेच माप उलट्या बाजूलाही लावावं लागतं, आणि इथे 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असं मी मनापासून म्हणतो. श्रीलंकेचं उदाहरण घ्या. १९५६ साली तिथे कायदा झाला की सिंहली हीच एकमेव राजभाषा. त्या मागणीमागे भिक्खूंची मोठी ताकद होती. पुढच्या वर्षी पंतप्रधान भंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला, तमिळ भाषेला काही जागा देणारा. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरापुढे ठाण मांडून बसले आणि तो करार फाडला गेला. त्यानंतर मे महिन्यात तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या. १९५९ साली भंडारनायकेंचा खून झाला, गोळी झाडणारा एक भिक्खू होता.

चीवर तेच, भाषेचं प्रेमही तेच. इतकंच काय, नेपाळचे कित्येक थेरवादी भिक्खू शिकले श्रीलंकेत. तरी दोन्ही चळवळींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीकडे दाबलेल्या भाषेला श्वास मागितला जातो, दुसरीकडे बहुसंख्यांची भाषा दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवते. म्हणून 'भिक्खूनं भाषेसाठी लढणं चांगलंच' असं सरसकट विधान पुस्तिकेत करू नका. तुमच्या ज्येष्ठांच्या मनात कदाचित श्रीलंकेसारखीच उदाहरणं असतील. ती खरी आहेत हे आधी मान्य करा, मग सुदर्शनांचं प्रकरण वेगळं का ते सांगा. माझा अनुभव आहे की समोरच्याचं भय खरं आहे हे मान्य केलं की विहाराच्या बैठकीतला आवाज आपोआप खाली येतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: प्रकरण ठेवा, कारण ते या माणसाच्या भिक्खूपणाचाच भाग आहे. आक्षेपाला मान द्या, कारण त्याला सुत्ताचा आधार आहे. सत्ता कोणाच्या हातात होती आणि आग्रह कोण धरत होतं, या एका प्रश्नावर वाचणाऱ्याचं लक्ष ठेवा.

आता लिहिण्याबद्दल. तुमच्या मसुद्यातलं जे वाक्य तुम्ही प्रश्नात उतरवलं आहे, तिथूनच सुरू करतो: '१९६५ साली सुदर्शन महास्थविर तुरुंगात गेले.' हे वाक्य बदला. उपसंपदेनंतर, म्हणजे पूर्ण भिक्खू झाल्यानंतर, दहा वर्षावास झाले की स्थविर, वीस झाले की महास्थविर. सुदर्शन जन्मले १९३८ साली. उपसंपदा वीस वर्षांच्या आत होत नाही. म्हणजे १९६५ साली ते महास्थविर तर नव्हतेच, स्थविरही असणं शक्य नव्हतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण भिक्खू होता तो. 'महास्थविर' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिकल्या भुवयांचा वृद्ध येतो, आणि मग ज्येष्ठांना वाटतं की एवढ्या वयात हे कशाला. तरुण भिक्खू म्हणा, प्रसंग जिवंत होईल. तुमच्या विहारातली कॉलेजात जाणारी मुलं त्याला आपल्या वयाचा समजतील.

नावांचंही तसंच. प्रत्येक भिक्खूचं गृहस्थी नाव, श्रामणेर म्हणून मिळालेलं नाव, कधी नंतर बदललेलं नाव, असा पसारा असतो. प्रज्ञानंदांना काही जागी तुम्ही कर्मशील नावाने वाचाल, दोन वेगळी माणसं समजू नका. ज्या वर्षाबद्दल लिहिताय त्या वर्षी लोक ज्या नावाने हाक मारत ते नाव घ्यायचं, आणि पहिल्या उल्लेखात दुसरं नाव सांगून टाकायचं.

तारखांना तर खास जपा. नेपाळी लेखनात इसवी सन धरून चार संवत एकमेकांत मिसळलेले असतात. विक्रम संवत असेल तर वैशाखापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या वैशाखापर्यंत ५६. म्हणून २०२२ साल म्हणजे एप्रिल १९६५ ते एप्रिल १९६६. नेपाल संवत कार्तिकात सुरू होतो. त्यात जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत ८८० मिळवायचे, इसवी वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरसाठी, ८७९. नेवार लेखक हे संवत आवर्जून वापरतात आणि तोही त्यांच्या स्वाभिमानाचा विषय आहे. २००८ साली नेपाळ सरकारनं त्याला राष्ट्रीय मान्यता दिली. बुद्ध संवताचा मेळ घालायला आपल्याला सोपी खूण आहे: १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला २५०० वर्षं पूर्ण झाली. एखाद्या लेखात नुसतं 'साल १०८५' दिसलं तर घाबरू नका, ते नेपाल संवत आहे, म्हणजे १९६४-६५.

भाषेची अडचण तुम्ही लिहिली आहे, की मूळ लेखन नेपाल भाषेत आहे आणि ती येत नाही. ही भाषा आज बहुतेक देवनागरीतच छापली जाते. अक्षरं तुम्हाला वाचता येतील, अर्थ लागणार नाही. नावं, गावं, सनावळ्या मात्र तुम्ही स्वतः मुळातून टिपू शकता आणि ते जरूर करा, म्हणजे 'सुदर्शन'चं इंग्रजीतून परत आलेलं काहीतरी भलतंच रूप पुस्तिकेत छापलं जाणार नाही. बाकीसाठी नेपाळीतून किंवा हिंदीतून आलेलं लेखन मिळतं. कीर्तिपूरच्या श्रीकीर्ति विहाराशी सुदर्शन महास्थविरांचं नाव जोडलेलं आहे. काठमांडूला कोणी धम्मयात्रेला जाणार असेल तर तिथे पुस्तकांची चौकशी करायला सांगा.

स्मृतिग्रंथ हाती लागले तर ते जपून वाचा. शिष्य आणि उपासक गुरूवर श्रद्धेनं लिहितात. त्यात गुण भरपूर असतात, पण तुरुंगवास एका ओळीत आटोपलेला असतो आणि विहाराच्या उद्घाटनाला चार पानं असतात. ते खोटं नसतं, पण प्रमाण बिघडलेलं असतं. तुम्ही तेच प्रमाण मराठीत उतरवू नका. मी अशा वेळी एक करतो. चरित्रातल्या माणसानं ज्यासाठी किंमत मोजली, त्या प्रसंगाला सगळ्यांत जास्त जागा देतो. सुदर्शनांच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे १९६५. त्यामागचा १९४४ चा प्रसंगही सविस्तर द्या, कारण त्यावाचून १९६५ कळत नाही.

अनगारिकांना, म्हणजे घर सोडून धम्माला वाहून घेतलेल्या स्त्रियांना, विसरू नका. १९४४ च्या आरोपांत 'बायकांना घर सोडायला शिकवता' हा आरोप आहे, त्यामागे प्रत्यक्ष स्त्रिया होत्या. असनमधल्या लक्ष्मीनानी तुलाधर, पुढच्या धर्मचारी गुरुमा, या त्यांतल्या एक. किंडोलच्या विहारात अनगारिकांचा जो समूह उभा राहिला, त्याच्या त्या मध्यवर्ती. त्यांनाही काठमांडू सोडून त्रिशूलीला जावं लागलं. या स्त्रियांना ना संस्कृत येत होतं, ना कचेरीची नेपाळी. त्यांच्यापर्यंत धम्म पोचला तो घरच्या भाषेतून. तुमच्या वाचनाला बसणाऱ्यांत बायका जास्त असणार, हे मी खात्रीनं सांगतो. त्यांना हा भाग सगळ्यांत जवळचा वाटेल. भाषेचा प्रश्न इथे कुठल्या कायद्याचा राहत नाही. आजीला सुत्त कळतं की नाही, एवढाच उरतो.

आपल्याकडचा दुवा द्यायचा असेल तर ओढूनताणून आणू नका, खरे दुवे पुरेसे आहेत. चंद्रमणींचा सांगितलाच. दुसरा धर्मानंद कोसंबींचा. गोव्यातल्या साखवाळचे कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात १९०२ साली काठमांडूला पोचले होते आणि तिथली अवस्था पाहून निराश होऊन परतले. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. पुढे श्रीलंकेत जाऊन त्यांनी चीवर घेतलं, ते पालि शिकले आणि जे शिकले ते मराठीत आणलं. त्यांना कोणी मराठीत लिहिण्यासाठी हद्दपार केलं नाही. तीच गोष्ट नेपाल भाषेत करणाऱ्यांना केलं. ही तुलना दोन वाक्यांत मांडा आणि पुढे जा. तिसरा दुवा नोव्हेंबर १९५६ चा: काठमांडूतल्या जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते, तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधीची ही गोष्ट. तेव्हा सुदर्शन अठरा वर्षांचे होते.

शेवट कुठे करायचा, हेही तुम्ही विचारलं आहे. सुदर्शन महास्थविर २००२ साली गेले. चळवळ जिंकली असं लिहून टाळ्यांवर संपवू नका, कारण त्यांच्या हयातीत निकाल दोन्ही बाजूंनी लागत राहिला. १९९० च्या संविधानानं इतर भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटलं. काठमांडू महानगरपालिकेनं कामकाजात नेपाल भाषा वापरायचं ठरवलं, आणि १ जून १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक संस्थांतल्या नेपाल भाषेच्या आणि मैथिलीच्या वापराला मनाई केली. भाषिक कार्यकर्ते तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. सुदर्शनांच्या निधनानंतर, २०१५ च्या संविधानानं देशात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मातृभाषांना राष्ट्रभाषा मानलं, आणि अलीकडे बागमती प्रदेशानं नेपाल भाषा आणि तामाङ कामकाजाच्या भाषा म्हणून स्वीकारल्या. हे सगळं त्याच क्रमानं, विशेषणं न लावता लिहा.

ज्येष्ठांशी बोलताना एक तडजोड सुचवतो. तुमच्या विहारात लहान मुलांचं वाचन वेगळं होत असेल, तर त्यांच्यासाठी श्रीलंकेचा भाग घेऊ नका, तो समजायला वय लागतं. मोठ्यांच्या वाचनात तो असू द्या. तुरुंगाचा भाग मात्र मुलांनाही सांगा. त्यांना का पकडलं, असं मुलं हमखास विचारतील. आपल्या घरची भाषा रेडिओवर ऐकू यावी असं म्हणाले म्हणून, हे उत्तर त्यांना पुरतं.

एवढं करूनही ज्येष्ठ ऐकले नाहीत, तर प्रकरण अर्धवट छाटून छापू नका. दुसऱ्या कोणाचं चरित्र घ्या आणि हे पुढच्या वर्षासाठी ठेवा. मसुदा सुधारला की तारखांचं पान तेवढं इथे टाका, संवतांचा हिशेब मी तपासून देईन.